आठ सांगून पावणेसात

जळगावात दुसऱ्याच्या शब्दावर माल घ्यायची रीत नाही. केळी घेणारा वरची फणी बाजूला सारून आतली बघतो. सोनं घ्यायला गेलेला माणूस कस लागेपर्यंत सराफाच्या चहाला हात लावत नाही. भरताचं वांगं तर नवरा-बायको दोघांनी आळीपाळीने दाबल्याशिवाय पिशवीत पडत नाही, आणि पडलं तरी घरी गेल्यावर सासूबाई ते पुन्हा दाबतात. या गावात प्रत्येक जण कशाचा ना कशाचा पारखी आहे. म्हणून इथे एखाद्याच्या घरातली वस्तू बिघडली की आधी पारख, दुरुस्ती मागाहून. आणि पारख करायला घरची माणसं पुरत नाहीत, गल्ली लागते.

माझ्या दाजींच्या स्पीकरला गल्ली लागली.

दाजी बँकेतून निवृत्त झाले आणि फंडाच्या पैशातून त्यांनी जमिनीवर उभे राहणारे, छातीएवढ्या उंचीचे दोन स्पीकर घेतले. प्रत्येकात सगळ्यात वर बारीक आवाजांचा इवलासा ट्विटर, त्याखाली मधल्या आवाजांचा मिड, मग साडेसहा इंची दोन वूफर, आणि पाठीमागे मूठ जाईल असं एक भोक. त्याला पोर्ट म्हणतात. ताईला त्यांनी जी किंमत सांगितली ती एका स्पीकरची होती. दुसरा त्यावर फुकट मिळाला असं ती अजून समजते आणि पाहुण्यांनाही तसंच सांगते. तिने पहिल्याच दिवशी दोघांच्या डोक्यावर क्रोशाचे रुमाल घातले आणि रुमालांवर एकेक पितळी हत्ती ठेवला. दाजी कळवळले, पण किमतीचा विषय निघेल म्हणून गप्प बसले.

दाजींचा कान तयार आहे, हे मान्य करायला हवं. थंडीत जळगावला बालगंधर्व संगीत महोत्सव होतो, त्याला ते पुढच्या रांगेत असतात आणि साउंडवाल्याकडे वळून बोटांनी खुणा करतात. साउंडवाला मान डोलावतो आणि काहीही करत नाही. तरी दाजींचं समाधान होतं.

एप्रिलच्या एका संध्याकाळी दाजींनी विलंबित ख्याल लावला होता. तबल्याच्या डग्ग्याचा ‘घे’ उमटला आणि दाजी सरळ बसले. पुन्हा ‘घे’, पुन्हा दाजी सरळ.

“डग्ग्याच्या मागे कोणीतरी खरखरतंय.”

“कूलर असेल,” ताई म्हणाली.

कूलर नव्हता. डावा स्पीकर होता. पण हे ठरायला पुढे मे महिना उजाडला, कारण स्पीकरमधला बारीक दोष पकडायला शांतता लागते आणि एकटेपणा लागतो, आणि जळगावच्या घरात उन्हाळ्यात या दोन्ही गोष्टी मिळत नाहीत. पारा पंचेचाळिसाला टेकलेला असतो. कूलर बंद केला तर ऐकणारा टिकत नाही, चालू ठेवला तर काही ऐकू येत नाही. दुपारी दोन ते चार गल्ली झोपते, पण नेमकी तेव्हाच वीज जाते. खरी नितळ शांतता पसरते ती वीज गेल्यावर, आणि तेव्हा स्पीकर मुका! रात्री उशिरा वाजवून बघावं म्हटलं तर दाजी पडले कायद्याचे माणूस. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला रात्री दहा ते सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. भाचीने फोनवर मोजलं, तर एकटा कूलरच साठाच्या पुढे बोलत होता.

एकटेपणाचं तर विचारूच नका. पहिल्या रविवारी दिवाणखान्यात बसायला जागा नव्हती.

इलेक्ट्रिशियन आला. त्याने स्पीकर पाहिला नाही, ऐकला नाही. दारातूनच “अर्थिंग नाही” म्हणाला आणि निघून गेला. महाराष्ट्रात विजेवर चालणाऱ्या कुठल्याही वस्तूचा पहिला रोग अर्थिंग असतो. खालच्या मजल्यावरचे केळीचे व्यापारी आले. त्यांनी स्पीकरच्या लाकडाला तळहात लावला आणि म्हणाले, “गरमीत माल ठेवला की काळा पडणारच. याला आत उष्णता लागलीय.” सगळे हसले. एका वयस्कर गृहस्थांनी कंपास काढून स्पीकरची तोंडं दक्षिणेला असल्याचं दाखवून दिलं. ती उत्तरेला केली असती तर आवाज थेट स्वयंपाकघराच्या भिंतीवर गेला असता, पण शास्त्रापुढे कोण बोलणार?

समोरच्या घरातले तरुण डॉक्टर स्टेथोस्कोप घेऊन आले तेव्हा मात्र मला हसू आलं, आणि ते चुकीच्या वेळी आलं. पेटीच्या फळ्यांवरून स्टेथोस्कोप फिरवणं ही खरीखुरी युक्ती आहे. सैल झालेला स्क्रू, सुटलेली फळी, आतली हलणारी वायर त्यातून चांगली सापडते. डॉक्टरांनी पुढून, मागून, बाजूने ऐकलं, सवयीने स्पीकरला “मोठा श्वास घ्या” म्हणाले, आणि निदान दिलं, “पेटी ठणठणीत आहे. जे काही आहे ते घशात आहे.”

सगळ्यात शेवटी गल्लीतला डीजेवाला मुलगा आला. लग्नसराईतून सवड काढून आला होता, डोळे तारवटलेले. त्याने अर्धा मिनिट ऐकलं. “यात काय आहे भो काका? बेस वाढवा. दबून जाईल.”

त्याच्या धंद्याचं सगळं ज्ञान या दोन शब्दांत आलं, आणि ते अगदीच खोटंही नाही. मोठ्या आवाजाआड शेजारचा लहान आवाज कानाला ऐकू येत नाही. खानदेशात अनेक प्रश्न या तत्त्वावर सुटलेले आहेत.

आता भाची पुढे आली. ती इंजिनिअरिंगला आहे, आणि तिच्याकडे एक गुण आहे जो वरच्या एकाही पारख्याकडे नव्हता: एका वेळी ती एकच गोष्ट बदलते. आधी गाणंच बदललं. दाजींकडे निम्मं संगीत व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलं असतं. पाच हातांतून फॉरवर्ड होता होता ते इतकं आवळलेलं असतं की त्यात मूळ गायकाच्या घशापेक्षा फोनचाच घसा जास्त ऐकू येतो. म्हणून चांगल्या सीडीवरचा डग्गा लावला. खरखर कायम. मग अँप्लिफायरच्या पाठीमागे डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरींची अदलाबदल केली. खरखर अँप्लिफायरची असती तर ती उठून उजव्या स्पीकरात गेली असती. ती डाव्यातच बसून राहिली. म्हणजे दोष पेटीतला. मग पेटीच्या मागच्या वरच्या आणि खालच्या टर्मिनलांना जोडणारी पितळी पट्टी काढली आणि नुसते वूफर वाजवले. खरखर आहेच. ट्विटर आणि मिड निर्दोष सुटले. या सगळ्याला पाच मिनिटं लागली. आधीच्या चर्चेत तीन वेळा चहा झाला होता.

“आता स्वीप टाकते,” ती म्हणाली.

फोनमधून तिने एकच सलग सूर सोडला, २० हर्ट्झपासून हळूहळू वर चढणारा. आणि घर बोलू लागलं. चाळिशीच्या आसपास शोकेसची काच, थोडं वर गेल्यावर खिडकीची जाळी, मग भिंतीवरचा सासऱ्यांचा फोटो. साठीला दोन्ही पितळी हत्ती रुमालावरून कडेकडे चालू लागले. ताईने धावत जाऊन ते उचलले, काचेत घडीचा कागद खोचला, फोटो उतरवून पलंगावर ठेवला. दाजी विजयी मुद्रेने तिच्याकडे पाहत होते. वर्षभर ज्या आवाजांचा आळ स्पीकरवर आला होता, त्यातले निम्मे तिच्या शोभेच्या वस्तूंचे निघाले. पण हत्ती हातात असतानाही डाव्या स्पीकरचा खालचा वूफर खरखरतच होता, म्हणून त्यांना फार बोलता आलं नाही.

इथे थोडं आत डोकावायला हवं. १९२५ साली अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी ज्या बनावटीचा स्पीकर जगापुढे मांडला, त्याच तत्त्वावर आजचे बहुतेक स्पीकर चालतात. चुंबकात एक गोल अरुंद फट, फटीत तांब्याची कॉइल, कॉइलला चिकटवलेला कोन. कॉइलमधून करंट गेला की ती पुढे-मागे धावते आणि कोन हवा ढकलतो. फटीत दोन्ही बाजूंना मोकळी जागा अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. एवढ्या बोळातून सेकंदाला पन्नास-शंभर वेळा, भिंतीला खांदा न लावता ये-जा करायची.

वूफर तसा मुळातच थोडी थाप मारतो. त्याला ५० हर्ट्झचा सूर दिला तर पदरचे १०० आणि १५० तो त्यात घालतो. मोठ्या आवाजात ही भर काही टक्क्यांपर्यंत जाते आणि कुणाला खटकत नाही. उलट ‘बेस काय भरदार आहे’ म्हणून आपण मान डोलावतो. पण कॉइल घासू लागली की जे निघतं ते मूळ सुरापेक्षा कितीतरी पट वरचं आणि करकरीत असतं. त्यात ताकद नगण्य. पण आपला कान दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो, आणि ही करकर नेमकी तिथवर पोचते. म्हणून मोठी चूक कानाआड होते आणि बारीक चूक झोप उडवते. दाजींची बँकेतली नोकरी याच धर्तीवर झाली होती.

वीज बंद करून भाचीने जाळी काढली आणि दोन्ही हातांची बोटं कोनाच्या कडेला सारख्या अंतरावर ठेवून तो हलकेच आत दाबला. ट्विटरला बोट लावायचं नाही, वूफरलाही एका बाजूने दाबायचं नाही, हे तिने आधी सगळ्यांना बजावलं. तरी तिचा हात बाजूला होताच खोलीतल्या प्रत्येकाने तो कोन दाबून पाहिला. दाबताना प्रत्येकाची मान तशीच तिरकी होत होती, जशी बाजारात वांग्याच्या ढिगापुढे होते. आतून स्पष्ट ‘खर्र’ आलं. गल्लीत पहिल्यांदाच एकमत झालं.

ते मल्टीमीटरने मोडलं. वूफर बाहेर काढून भाचीने कॉइल मोजली. चुंबकावर ‘८ ओहम’ असं छापलेलं, आणि मीटर दाखवतोय ६.८. शेजारचे सराफ इतका वेळ शांत बसले होते. ते एकदम उभे राहिले.

“आठ सांगून पावणेसात? आमच्या धंद्यात असं केलं तर दुकान राहील का?”

भाचीने परोपरीने सांगितलं, की आठ हा वाजत्या स्पीकरचा ढोबळ आकडा. मीटर फक्त तारेचा रोध मोजतो, तो आठाच्या स्पीकरला सहाच्या आसपासच असायचा. शून्य दाखवला असता तर कॉइल शॉर्ट, अनंत दाखवला असता तर तुटलेली. ही शाबूत आहे.

“मग सहा तरी का नाही? पावणेसात कसे?”

हा प्रश्न खरा पारख्याचा होता. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, दर अंशाला साधारण ०.४ टक्का. जळगावात जानेवारीच्या पहाटे दहा अंशांत जी कॉइल सहा ओहम भरते, तीच मे महिन्याच्या दुपारी पावणेसातच्या वर जाते. इथल्या स्पीकरला वाजायला सुरुवात करण्याआधीच ताप आलेला असतो. जोरात वाजवला की कॉइल शंभर अंशांच्या पुढे सहज जाते, रोध आणखी वाढतो, आवाज बसतो, मग माणूस बटण आणखी फिरवतो. सराफांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि जाताना दाजींना बाजूला घेऊन सांगितलं, “तरी बिल सांभाळून ठेवा.”

पोर्टमधून अजून एक गोष्ट निघाली: मातीचं घर. कुंभारीण माशीने सबंध हिवाळ्यात आत शिस्तीत खोल्या बांधल्या होत्या. दाजींना हायसं वाटलं. दोष माशीवर टाकता येत होता. पण भाचीने टॉर्च मारून पाहिलं, चुंबकाच्या मागचं तोंड स्वच्छ होतं. माशी निर्दोष.

जळगावात एवढ्या लहान वूफरची कॉइल बदलून देणारा माणूस आम्हाला पटकन सापडला नाही. डीजेवाल्या मुलाने धुळ्याच्या एका मिस्तरीचं नाव सांगितलं. वूफर ताईच्या जुन्या नऊवारीत गुंडाळून दाजींनी मांडीवर घेतला आणि आम्ही एरंडोल-पारोळामार्गे निघालो. लुगड्यात राहून गेलेली प्रत्येक सेफ्टी पिन चुंबकाला चिकटली होती. एरंडोलला चहा घेताना टेबलावरचा चमचाही जाऊन बसला. चहावाल्याने तो सोडवून घेतला आणि आमच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं.

पाचकंदीलच्या मागच्या एका बोळात मिस्तरीचं दुकान. बाहेर अठरा इंची फाटके कोन परातींसारखे रचलेले. लग्नसराई ऐन भरात होती, त्यामुळे नंदुरबारपासूनचे डीजे त्याच्या पायरीवर येऊन पडले होते. त्याने आमचा साडेसहा इंची वूफर तळहातावर घेतला आणि लहान मुलाचं कौतुक करावं तसा हसला. भाची फोनमधलं अ‍ॅप उघडत होती तोवर त्याने एका जुन्या स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरची दोन टोकं वूफरला लावली. सरकारी विजेचा ५० हर्ट्झचा सूर घुमला आणि त्यामागून खरखर आली.

“कॉइल घासी ऱ्हायनी. आठे दाबी दखा.”

आम्ही सगळ्यांनी पुन्हा दाबून पाहिलं.

त्याने पातळ पात्याने मधली टोपी काढली, कोन आणि त्याला मागून धरणारा स्पायडर सोडवला आणि कॉइल उजेडात धरली. एका बाजूला तांब्याचा रंग काळपट झाला होता आणि दोन वेढे फुगून बाहेर आले होते. “हाई तापेल शे,” तो म्हणाला. “हळद-बिळदमा वाजाडं व्हतं का?”

दाजी रस्त्याकडे बघू लागले. मग थोडं थोडं करून बाहेर आलं. मार्चमध्ये पुतण्याच्या हळदीला हे स्पीकर गच्चीवर गेले होते. अँप्लिफायर घरगुती, वऱ्हाड दोनशेचं. कानाला दुप्पट वाटेल एवढा आवाज वाढवायचा तर ताकद दहापट लागते. ती त्या अँप्लिफायरपाशी नव्हती, म्हणून त्याने जेवढं होतं तेवढं देऊन लाटांचे शेंडे छाटले. छाटलेल्या लाटेने कॉइलला विसावा मिळत नाही, ती नुसती तापत राहते. अशा वेळी बहुधा ट्विटर आधी जळतो. दाजींचा वाचला हे नशीब. बटणावर त्या रात्री कोण होतं? गल्लीतलाच मुलगा. बेस कोणी वाढवला, हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही. मला मात्र केळीचे व्यापारी आठवले. लाकडाला तळहात लावून त्यांनी जे सांगितलं होतं, त्याला आम्ही हसलो होतो.

भाचीला वेगळीच काळजी. थील आणि स्मॉल या दोघांनी ऑस्ट्रेलियात बसून पेटी आणि वूफर यांची जी गणितं मांडली, त्यांत कोनाचं आणि कॉइलचं वजन फार महत्त्वाचं. नवी कॉइल जड निघाली तर डावा-उजवा एक राहणार नाही. हे मिस्तरीला कसं सांगावं याची ती जुळवाजुळव करत होती, तेवढ्यात त्याने खणातून सराफी काटा काढला. एका बाजूला जळकी कॉइल, नंतर नवी. आकडा जुळेना म्हणून दुसरी नवी, मग तिसरी. तिसरी जुळली. भाची काही बोलली नाही, फक्त काट्याचा फोटो काढला.

पुढचं काम हाताचं होतं. जुन्या एक्स-रे फिल्मच्या बारीक पट्ट्या कापून त्याने कॉइलच्या आत, मधल्या लोखंडाभोवती सारख्या अंतरावर खोचल्या, म्हणजे डिंक वाळेपर्यंत कॉइल बरोबर मध्ये राहील. एरवी रात्रभर ठेवतात. पण हे मे महिन्यातलं धुळं, शेवभाजी खाऊन परत येईपर्यंत डिंक वाळला होता. पट्ट्या ओढून काढल्या, टोपी चिकटवली, ट्रान्सफॉर्मर लावला. नुसता घुमारा. पैसे देताना दाजींनी घासाघीस केली नाही, हे मी ताईला सांगितलेलं नाही.

परत आल्यावर गल्ली जमली. डग्गा लावला. खरखर गेली होती, आणि त्याबरोबर काहींचा रसही. “आता काही मजा नाही,” असं दोघांनी बोलून दाखवलं. दाजींना मात्र आता त्याच मैफलीत तिसऱ्या मिनिटाला कोणीतरी खोकलेलं ऐकू येऊ लागलं, आणि तो खोकणारा मनुष्य गाणं समजणारा नव्हता याबद्दल त्यांची खात्री झाली आहे. ताईने हत्ती परत ठेवले. खाली आता फेल्टचे गोल तुकडे आहेत, ते भाचीने कापून दिले.

श्रावणात कानबाईच्या विसर्जनाची मिरवणूक गल्लीतून निघाली. ट्रकवर दोन्ही अंगांना स्पीकरची भिंत, पुढे बायका फुगड्या घालताहेत, खिडक्या थरथरताहेत. दाजी गॅलरीत उभे होते. मान तिरकी, डोळे मिटलेले. एकाएकी ते चपला न घालता जिना उतरले, गर्दीतून वाट काढत ट्रकपाशी गेले आणि बटणांमागे बसलेल्या त्या मुलाच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, “डावीकडचा, खालून दुसरा! कॉइल घासतेय!”

मुलाने क्षणभर कान दिला. मग तोंडभर हसून बटणाकडे हात नेला.

“थांबा काका, बेस वाढवतो.”